जुन्या संगणकावर चलच्चित्र कां अडखळतें?

गेल्या वर्षीं दिवाळीच्या सुटीपूर्वीं आपल्या शाळेंतील एका विद्यार्थिनीचे वडील मला भेटावयास आले. त्यांच्या पिशवींत मांडीवर ठेवून वापरण्याजोगा एक लहान संगणक होता. तो इ. स. २०१४ सालचा असून मुलीच्या मामानें स्वतः नवा घेतल्यावर भाचीस दिलेला होता. त्यावर लिनक्स ही प्रणाली घातलेली होती. निबंध लिहिणें, पत्र पाठविणें, हिशेब मांडणें हीं सारीं कामें तो बिनतक्रार करी. परंतु विज्ञानाच्या पाठाचें चलच्चित्र, म्हणजे आपण ज्याला व्हिडिओ म्हणतों तें, लावलें कीं शिक्षकांचा आवाज पुढें जाई व त्यांचा हात मागें राही. फळ्यावरची आकृति पुरी होण्यापूर्वींच तिचें स्पष्टीकरण संपून जाई. दुकानदारानें एका वाक्यांत निकाल दिला होता, "यंत्र म्हातारें झालें, नवें घ्या." नव्या यंत्राची किंमत त्या गृहस्थांच्या दोन महिन्यांच्या मिळकतीहून अधिक होती, आणि ती उभी करण्यासाठीं ते भिशींतून पैसे उचलण्याच्या विचारांत होते. मुलगी दहावींत होती व परीक्षेस थोडेच महिने उरले होते. "सर, घेतल्यावांचून गत्यंतर नाहीं ना?" एवढेंच त्यांनीं मला विचारलें.

मीं त्यांच्याकडून दोन दिवसांची मुदत मागून घेतली. त्या दोन दिवसांत जें कळलें तें इतर घरांसही उपयोगीं पडेल असें वाटतें. कारण १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं विंडोज १० ह्या प्रणालीस मिळणारा सर्वसाधारण आधार मायक्रोसॉफ्ट कंपनीनें थांबविला, आणि विंडोज ११ ज्यांवर चढत नाहीं असे पुष्कळ जुने संगणक आतां लिनक्सच्या आश्रयास येत आहेत. म्हणून तें उत्तर येथें विस्तारानें मांडतों. त्याचें सार एका वाक्यांत सांगावयाचें तर असें: यंत्रास दोष देण्यापूर्वीं, दिलेलें काम त्या यंत्राचा कोणता भाग करीत आहे हें पाहावें.

प्रथम चलच्चित्र म्हणजे काय हें नीट समजून घेऊं. त्यांतील चित्रें हालत नसतात. तीं सारीं स्थिर चित्रेंच असून, एका सेकंदांत २४, २५, ३० किंवा ६० अशा वेगानें एकामागून एक डोळ्यांपुढून जातात, म्हणून आपणांस हालचालीचा भास होतो. आपल्या पाठाचें चलच्चित्र सेकंदास ३० चित्रांचें आहे असें धरूं. म्हणजे एका चित्राच्या वांट्यास सेकंदाचा तिसावा हिस्सा आला. हा काळ सुमारें ३३ सहस्रांश सेकंद भरतो. तेवढ्या अवकाशांत पुढचें चित्र तयार होऊन पडद्यावर आलेंच पाहिजे. न आलें तर संगणक काय करतो? तो तें चित्र टाकून देतो व त्याच्या पुढच्याकडे धांवतो. कारण आवाज थांबविणें त्यास परवडत नाहीं. डोळा एखादें चित्र गाळलेलें सहन करील, परंतु कानास आवाजांतला तुटकपणा तत्काळ जाणवतो. अशीं चित्रें वरचेवर गळूं लागलीं म्हणजे आपण म्हणतों, "व्हिडिओ अडखळतो."

आतां एका चित्राचा पसारा केवढा असतो तें गणितानें पाहूं. पडद्यावर १०८० ओळी व प्रत्येक ओळींत १९२० बिंदु असले, तर एका चित्रांत २०,७३,६०० बिंदु होतात. रंगाची माहिती काटकसरीनें ठेवली तरी दर बिंदूस सरासरी दीड बाइट लागतो. म्हणजे एका चित्रास ३१,१०,४०० बाइट, व एका सेकंदाच्या ३० चित्रांस ९,३३,१२,००० बाइट झाले. शाळेचा तास ४५ मिनिटांचा धरला तर त्या एका तासास सुमारें २५२ गिगाबाइट जागा लागेल. असे दोन तास साठवावयास ५०० गिगाबाइटची तबकडीही पुरणार नाहीं! अर्थात् हीं चित्रें जशींच्या तशीं ठेवणें व तारेवरून पाठविणें अशक्य आहे. त्यांचें बोचकें बांधावें लागतें.

हें बोचकें बांधण्याची मुख्य युक्ति आपल्या जुन्या चोपड्यांत पाहावयास मिळते. वरच्या ओळींतलीच नोंद खालच्या ओळींत पुन्हां यावयाची असली म्हणजे कारकून ती सबंध न लिहितां नुसतें "ऐजन" असें लिहीत असे. चलच्चित्रांतही असेंच करतात. शिक्षक फळ्यापुढें उभे आहेत. फळा, भिंत व खिडकी मागील चित्रांत होतीं तशींच आहेत. बदलला आहे तो फक्त त्यांचा हात. मग फळा, भिंत व खिडकी ह्यांच्या जागीं "ऐजन" लिहावें, आणि हात अमुक इतका उजवीकडे सरकला एवढेंच नोंदवावें. मधून मधून एक पूर्ण चित्र द्यावें, म्हणजे वाचणाऱ्यास पुन्हां आरंभ धरतां येतो. ह्या व अशाच इतर युक्त्यांनीं तो पसारा इतका आटोपतो कीं, सेकंदास ५ मेगाबिट एवढ्या प्रवाहांत तें १०८० ओळींचें चित्र चांगलें मावतें. वरच्या आंकड्याशीं ताडून पाहिलें तर हा जवळजवळ दीडशेंवा हिस्सा होतो.

बोचकें बांधण्याच्या व सोडविण्याच्या ठराविक पद्धतीस कोडेक असें म्हणतात. एच.२६४ ही पद्धति इ. स. २००३ सालची असून आजही सर्वत्र चालते. तिच्यामागून २०१३ सालीं एच.२६५ ही पद्धति आली. त्याच वर्षीं गूगल कंपनीची व्हीपी-९ ही पद्धति पुरी झाली, आणि २०१८ सालीं अनेक कंपन्यांनीं मिळून एव्ही-१ ही पद्धति प्रसिद्ध केली. प्रत्येक नवी पद्धति जुनीपेक्षां अधिक घट्ट बांधते. त्यामुळें तारेवरचा खर्च वांचतो. परंतु गांठ जितकी घट्ट, तितकी ती सोडविण्यास मेहनत अधिक. ही मेहनत ज्यानें त्यानें आपल्या घरीं, आपल्या संगणकावर करावयाची असते, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं.

मग ती मेहनत करतो कोण? येथेंच आपल्या प्रश्नाचें मर्म आहे. संगणकाचा मुख्य कामगार म्हणजे प्रोसेसर. तो कोणतेंही काम करूं शकतो. परंतु सर्व कामें येणारा मनुष्य जसा एकाच कामांत मुरलेल्या कारागिराइतका चपळ नसतो, तसेंच ह्याचें आहे. म्हणून गेल्या पंधरा-वीस वर्षांत संगणक बनविणाऱ्यांनीं ग्राफिक्सच्या भागांत बोचकीं सोडविण्यापुरतें एक स्वतंत्र यंत्र बसविण्याचा प्रघात पाडला आहे. आपल्या घरांतील घरघंटीची उपमा येथें चपखल बसते. हातानें जातें ओढून कोणतेंही धान्य दळतां येतें. पण वेळ लागतो, व ओढणाऱ्यास घाम येतो. घरघंटी तेंच दळण थोडक्या श्रमांत देते. मात्र घरघंटी असून तिची कळ कोणीं दाबलीच नाहीं, तर घरधनिणीस जात्यावर बसणें प्राप्त आहे. शिवाय घरघंटींत सुकें धान्य चालतें. भिजवलेली डाळ घातली तर ती वांटून मिळणार नाहीं. संगणकाचेंही असेंच आहे. बोचकें सोडविणारें यंत्र त्यास ठाऊक असलेलींच कोडेकें जाणतें. दुसरें कांहीं आलें कीं तें स्वस्थ बसतें, आणि सारा भार प्रोसेसरवर पडतो.

कोणत्या यंत्रास काय ठाऊक आहे? इंटेल कंपनीच्या प्रोसेसरांचेंच उदाहरण घेऊं. २०११ सालच्या सँडी ब्रिज पिढींत एच.२६४ सोडविण्याची सोय आहे. एच.२६५ ची पुरती सोय २०१५ सालच्या स्कायलेक पिढींत आली. व्हीपी-९ ची तिच्या मागच्या केबी लेक पिढींत. आणि एव्ही-१ ची सोय २०२० सालच्या टायगर लेक पिढींत झाली. नव्या यंत्रास जुनें सर्व येतेंच, असेंही मात्र समजूं नये. रास्पबेरी पाय नांवाचा तळहाताएवढा संगणक पुष्कळ विद्यार्थ्यांस ठाऊक असेल. त्याच्या २०१९ सालच्या चौथ्या आवृत्तींत एच.२६४ सोडविणारें यंत्र आहे. २०२३ सालच्या पांचव्या आवृत्तींत तें नाहीं, तेथें तें काम प्रोसेसरच करतो. तात्पर्य, अंदाज बांधण्यापेक्षां यंत्रासच विचारणें बरें.

लिनक्सवर हा प्रश्न अधिक जाणवतो, त्यासही कारण आहे. लिनक्सचें मूळ फिनलंडांत आहे. हेलसिंकी येथील विद्यापीठांतील लायनस टोरव्हाल्ड्स ह्या विद्यार्थ्यानें इ. स. १९९१ मध्यें त्याचा गाभा लिहून तो सर्वांस खुला केला. पुढें जगांतील असंख्य लोकांनीं त्यांत भर घातली. अशा रीतीनें अनेक हातांनीं घडलेल्या घरांत एका खोलींतून दुसऱ्या खोलींत जाण्याचीं दारें कोणीं तरी मुद्दाम करावीं लागतात. चलच्चित्र दाखविणाऱ्या कार्यक्रमापासून ग्राफिक्समधील त्या यंत्रापर्यंत जाण्याचें असें एक दार आहे. त्यास व्हीए-एपीआय म्हणतात. हें दार उघडण्यास योग्य तो चालक, म्हणजे ड्रायव्हर, बसविलेला असावा लागतो. आणि समोरच्या कार्यक्रमासही त्या दारानें जाण्याची संवय असावी लागते. फायरफॉक्स ह्या ब्राउझरांत इंटेलच्या ग्राफिक्ससाठीं ही संवय आपोआप चालू झाली ती जुलै २०२३ मधील ११५ व्या आवृत्तीपासून. शिवाय कांहीं कोडेकांवर पेटंटांचे हक्क असल्यामुळें फेडोरासारख्या लिनक्सच्या कांहीं वितरणांत त्यांची सोय आरंभीं गाळलेली असते व ती मागाहून घालावी लागते. म्हणजे यंत्र घरांत असून दार बंद, अशी स्थिति सहज होऊं शकते. आणि त्याचा ठपका मात्र यंत्राच्या वयावर येतो.

इतकी पूर्वपीठिका झाल्यावर आतां परीक्षेकडे वळूं. वैद्य जसा औषधापूर्वीं नाडी पाहतो, तशी प्रथम अडखळ कोणत्या जातीची आहे तें पाहावें. चित्र व आवाज दोन्ही एकदम थांबून पडद्यावर चक्र फिरूं लागलें, तर दोष तारेवरच्या प्रवाहाचा समजावा. संगणक निर्दोष असून बोचकेंच वेळेवर पोंचत नाहीं. आवाज अखंड चालून चित्रच गचके खात असेल, तर बोचकें सोडविण्याची गति अपुरी पडत आहे. पहिलीं दहा मिनिटें सर्व सुरळीत होऊन मग गचके सुरू होत असतील, तर यंत्र तापत आहे. कारण फार तापलेला प्रोसेसर आपल्या बचावासाठीं गति कमी करतो. आणि चित्र वेळेवर येऊनही आडवें चिरल्यासारखें दिसत असेल, तर तो पडद्याशीं ताळ न जुळल्याचा दोष आहे, गतीचा नव्हे. ह्या चार दुखण्यांस औषधें चार आहेत. एकाचें दुसऱ्यास लागू पडत नाहीं.

यूट्यूबवर चलच्चित्र चालू असतां त्यावर माऊसची उजवी कळ दाबली म्हणजे जी यादी उघडते, तींत "स्टॅट्स फॉर नर्ड्स" अशी एक ओळ असते. ती निवडली कीं कोपऱ्यांत एक लहान तक्ता येतो. त्यांत कोडेकाचें नांव व गळलेल्या चित्रांची संख्या अशा दोन गोष्टी पाहाव्या. नांवाचा आरंभ एव्हीसी-१ असा असेल तर तें एच.२६४ होय, व्हीपी-०९ असेल तर व्हीपी-९, आणि एव्ही-०१ असेल तर एव्ही-१. गळलेल्या चित्रांची संख्या एकसारखी वाढत असेल, तर रोगाचें निदान झालें.

आतां उपाय क्रमानें सांगतों. कोणताही उपाय करण्यापूर्वीं महत्त्वाच्या फाइली दुसरीकडे उतरून ठेवाव्या, आणि एका वेळीं एकच बदल करावा. म्हणजे गुण कशानें आला तें कळतें.

पहिला उपाय दार उघडण्याचा. लिनक्सच्या टर्मिनलमध्यें व्हीएइन्फो (व्ही, ए, आय, एन, एफ, ओ हीं सहा इंग्रजी अक्षरें एका शब्दांत) असें लिहून एंटर दाबावें. हा लहान कार्यक्रम आपल्या वितरणाच्या भांडारांतून फुकट घेतां येतो. दार उघडें असेल तर यंत्रास येणाऱ्या कोडेकांची यादी दिसते. चूक दाखविली गेली तर ड्रायव्हर बसवावा: इंटेलच्या जुन्या पिढ्यांस आय-९६५ ह्या नांवाचा, आणि ब्रॉडवेल व तिच्या पुढील पिढ्यांस आय-एच-डी ह्या नांवाचा ड्रायव्हर असतो. फायरफॉक्स त्या दारानें जात आहे कीं नाहीं, हें पाहण्यासाठीं पत्त्याच्या जागीं "अबाउट", मग दोन टिंबांचें चिन्ह, मग "सपोर्ट" असें इंग्रजींत लिहावें. तेथें चलच्चित्राच्या यांत्रिक सोडवणुकीची नोंद सांपडते.

दुसरा उपाय योग्य धान्य मागण्याचा. आपल्या यंत्रास एच.२६४ तेवढें येत असेल, तर यूट्यूबकडून तेंच मागून घ्यावें. फायरफॉक्सला जोडतां येणाऱ्या एच-२६४-इफाय सारख्या लहान पुरवणीनें हें साधतें. ह्यांत तोटा एवढाच कीं, एच.२६४ मध्यें यूट्यूबवर बहुधा १०८० ओळींपर्यंतचीं चित्रें मिळतात, व त्याच दर्जास तारेवरचा खर्च थोडा वाढतो. जुन्या लहान पडद्यास १०८० च्या पलीकडे जाण्याचें कारणच नाहीं.

तिसरा उपाय सर्वांत सोपा असून पुष्कळदां तोच विसरला जातो: ओळी कमी कराव्या. त्या काळच्या स्वस्त संगणकांचा पडदा बहुधा १३६६ गुणिलें ७६८, म्हणजे १०,४९,०८८ बिंदूंचा असतो. त्यावर १०८० ओळींचें चित्र लावणें म्हणजे वीस लाखांहून अधिक बिंदु मेहनतीनें सोडवून मग त्यांपैकीं निम्मे फेंकून देणें होय. ७२० ओळींच्या चित्रांत ९,२१,६०० बिंदु असतात. तें ह्या पडद्यावर जवळजवळ तितकेंच स्पष्ट दिसतें, आणि श्रम निम्म्याहून कमी होतात. ४८० ओळींवर आलें तर श्रम सुमारें पंचमांश राहतात. फळ्यावरचीं अक्षरें मोठीं असलीं तर तेवढ्यानेंही भागतें. तसेंच सेकंदास ६० चित्रांऐवजीं ३० चित्रांचा पर्याय असल्यास तो घ्यावा.

चौथा उपाय ज्या चलच्चित्रांच्या फाइली आपणांपाशींच आहेत त्यांविषयीं. शिक्षकांनीं पेनड्राइव्हवर दिलेला पाठ ब्राउझरांत न उघडतां स्वतंत्र प्लेअरवर लावावा. व्हीएलसी हा प्लेअर पुष्कळांच्या परिचयाचा आहे. इ. स. १९९६ मध्यें पॅरिसजवळील एका अभियांत्रिकी महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांनीं आपल्या वसतिगृहाच्या तारांवरून चलच्चित्रें पाहतां यावीं म्हणून जो उद्योग आरंभिला, त्यांतून तो निघाला, व २००१ सालीं सर्वांस खुला झाला. दुसरा प्लेअर एमपीव्ही. ज्या एमप्लेअरचा तो वंशज, तो लिनक्सवर मनाजोगा प्लेअर मिळेना म्हणून हंगेरींतील आर्पाद गेरेओफी ह्यांनीं २००० सालीं लिहावयास घेतला होता. विद्यार्थिमित्रांनो, ह्या दोन्ही गोष्टी ध्यानांत ठेवा. अडचणीनें चिडून न जातां तिच्याशीं झटलेल्या तरुणांचें हें काम आज आपल्या उपयोगीं पडत आहे.

एमपीव्ही जुन्या यंत्रावर हलका चालतो. पण तो मुळांत प्रोसेसरकडूनच काम करवितो. चित्र चालू असतां कंट्रोल व एच ह्या कळा एकत्र दाबल्या कीं काम यांत्रिक सोडवणुकीकडे जातें, व पुन्हां दाबल्या कीं परत येतें. नुसती आय ही कळ दाबली तर कोडेक, काम कोण करीत आहे तें, आणि गळलेलीं चित्रें ह्यांचा तक्ता पडद्यावर येतो. हा प्रयोग विद्यार्थ्यांनीं अवश्य करून पाहावा. पंख्याच्या घरघरींत पडणारा फरक कानांनींच कळतो. फाईल यंत्रास न येणाऱ्या कोडेकाची असेल, तर हँडब्रेक ह्या कार्यक्रमानें ती एकदां ७२० ओळींच्या एच.२६४ मध्यें उतरवून ठेवावी. रूपांतरास वेळ लागतो, म्हणून तें रात्रीं लावून ठेवावें, किंवा शाळेंतील सशक्त संगणकावर करून घ्यावें. एकदां दळून ठेवलें कीं रोजचा त्रास चुकतो.

पांचवा उपाय घर मोकळें ठेवण्याचा. स्मृति, म्हणजे रॅम, दोन किंवा चार गिगाबाइट असेल, तर पाठ पाहतांना ब्राउझरांत एकच पान उघडें ठेवावें. स्मृति भरली कीं संगणक तबकडीवर उसनवारी करूं लागतो, आणि तबकडी स्मृतीपेक्षां कितीतरी मंद असते. एक्सएफसीई किंवा एलएक्सक्यूटी ह्यांसारखी हलकी मांडणी घेतल्यास थोडी स्मृति मोकळी होते. चित्र आडवें चिरत असेल तर वेलँडवर चालणारी मांडणी वापरून पाहावी. तींत हा दोष सहसा राहत नाहीं.

सहावा उपाय मऊ ब्रशाचा. वर्षानुवर्षें पंख्यांत सांचलेली धूळ यंत्रास तापविते. यंत्र बंद करून, तारा काढून, जाणत्या माणसाकडून ती झाडून घ्यावी. आणि संगणक गादीवर किंवा उशीवर ठेवून वापरूं नये, कारण त्यामुळें हवेची वाट बंद होते.

आतां त्या विद्यार्थिनीच्या संगणकाची हकीकत पुरी करतों. तो बे-ट्रेल पिढीचा, दोन गाभ्यांचा सेलेरॉन होता. प्रोसेसर खरोखरच दुबळा होता. दुकानदाराचें तेवढें म्हणणें खोटें नव्हतें. परंतु त्याच्या ग्राफिक्समध्यें एच.२६४ सोडविणारें यंत्र सुस्थितींत बसलेलें होतें, आणि इतक्या वर्षांत लिनक्सवर त्यास कोणीं हांक मारलीच नव्हती. ड्रायव्हर बसविलेला नव्हता. यूट्यूबवरून व्हीपी-९ येत होतें, तेंही १०८० ओळींचें. पंख्यांत धुळीचा बोळा होता. म्हणजे घरघंटी बंद, धान्य भलतें, गरजेच्या दुप्पट दळण, आणि जातें ओढणारास श्वास घेण्यासही वाव नाहीं, अशी अवस्था! ड्रायव्हर घातला, पुरवणी जोडली, ७२० ओळी ठरविल्या, धूळ काढली. प्रत्येक बदलानंतर तोच पाठ लावून पाहिला. दुसऱ्या दिवशीं संध्याकाळीं मुलगी वडिलांबरोबर आली, आणि मानवी हृदयाच्या रचनेचा पाठ तिनें माझ्यासमोर आरंभापासून अखेरपर्यंत पाहिला. शिक्षकांचा हात व आवाज बरोबर चालले होते. खडू फळ्यावरून फिरत असतां ती आपल्या वहींत तीच आकृति काढीत होती. पाठ संपल्यावर वडील एवढेंच म्हणाले, "मग भिशी ह्या वेळीं राहूं द्यावी." खर्च ब्रशापुरता झाला होता.

ह्यावरून नवा संगणक केव्हांच घेऊं नये, असा अर्थ कोणीं काढूं नये. मर्यादा आहेत, आणि त्या स्पष्ट सांगितल्या पाहिजेत. २०१० सालच्याही मागच्या पुष्कळ संगणकांत असें यंत्र नाहीं, किंवा असलें तरी लिनक्सवर त्याचा उपयोग होत नाहीं. तेथें ४८० ओळींवर समाधान मानावें लागेल. पडद्यावर एकाच वेळीं अनेक माणसांशीं बोलावयाचें असेल तर चित्रें सोडवावींही लागतात व स्वतःचें चित्र बांधावेंही लागतें. तें काम दुबळ्या यंत्रास जड जातें. ज्यास चलच्चित्रांची जुळवाजुळव करावयाची आहे त्यास अधिक शक्तीचें यंत्रच पाहिजे. परंतु जें घ्यावयाचें तें कारण कळल्यावर घ्यावें. "जुनें झालें" हें कारण नव्हे. तो केवळ एक शेरा आहे.

विद्यार्थिमित्रांनो, प्रयोगशाळेंत आपण एका वेळीं एकच गोष्ट बदलून निरीक्षण करावयास शिकतों. तीच रीत घरांतल्या अडलेल्या यंत्रास लावून पाहा. जो संगणक तुम्हांस मंद वाटतो, त्याच्यावर आज संध्याकाळीं तो लहान तक्ता उघडा, कोडेकाचें नांव वाचा, गळलेलीं चित्रें मोजा, आणि तीं कां गळतात ह्याचा शोध घ्या. पालकांसही विनंति कीं, मुलगा किंवा मुलगी असा शोध करूं लागली असतां, "यंत्र बिघडेल, हात लावूं नको," असें म्हणून तिला थांबवूं नका. फाइली सुरक्षित ठेवून पाहूं द्या. यंत्र सुधारेल किंवा न सुधारेल. परंतु कारण शोधण्याची संवय एकदां लागली म्हणजे ती पुढें जन्मभर उपयोगीं पडते. असो. ज्यांस हे प्रयोग घरीं जमणार नाहींत त्यांनीं आपला संगणक घेऊन शनिवारीं शाळा सुटल्यावर मजकडे यावें. आपण बरोबर बसून पाहूं.